फळ्यावरची चौकट

पिराजीमामांना यंदा एकच हवं होतं. गोलकीपर सूरजनं तालीम सोडून जाऊ नये.

दिवाळीतली किल्ल्यांची माती गल्लीतून उचलली गेली की आमच्या बुरुजाकडील तालीम मंडळात अपेक्षा वाढायला लागतात. फुटबॉलचा हंगाम डिसेंबरात सुरू होतो. त्याआधी चार दिवस खेळाडूंची नोंदणी असते. ज्या तालमीच्या नावापुढं खेळाडू सही करतो, त्या तालमीचा तो वर्षभर. सह्यांच्या त्या चार दिवसांसाठी महिनाभर पायरीवर बसून लोक संघ रचतात, मोडतात, पुन्हा रचतात. मागच्या हंगामात आम्ही सोळा संघांत अकरावे आलो होतो. तरी पायरीवर बसलेल्या माणसाला अकरावा नंबर दिसत नाही.

"दोन स्ट्रायकर गोव्याचे," आदर्श म्हणाला. आदर्श मोबाईलच्या दुकानात काम करतो आणि आमच्या तालमीचा सगळ्यात मोठा आवाज त्याचा आहे. "मागं एक उंच परदेशी. आनि कोच लायसनवाला."

"आनि स्टेडियम?" बाबासो आण्णांनी विचारलं. ते तालमीचे सेक्रेटरी. "ते बी उचलून आणूया की चौकात."

"मामा, तुमी सांगा. तुमाला काय पायजे?"

पिराजीमामा चहाचा कप धुऊन पालथा घालत होते. "हाय ती अकरा टाळकी जाग्यावर राहू द्यात. बास."

"तुमची अपेक्षा म्हंजे नळाच्या पाण्यागत. टायमात आलं की खूश."

"पाणी टायमात आल्यावर तू कवा खूश झालास ते सांग आधी."

पायरीवरचे सगळे हसले, कारण आमच्या भागात पाणी सोडायचं काम पिराजीमामांचंच आहे. पूर्ण नाव पिराजी इंगवले, वय चोपन्न. पहाटे पाचला सायकलच्या दांडीला लांब लोखंडी चावी बांधून ते निघतात. आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह बुरुजाच्या कोपऱ्यावर जमिनीत आहे. त्याला सत्तावीस आटे आहेत. मामा ते मोजून फिरवतात, कधी सव्वीस नाही, अठ्ठावीस नाही. एकदा मी विचारलं, अंदाजानं नाही का कळत? म्हणाले, "अंदाजानं सोडलं की वरच्या आळीला बोंब सुरू."

पाण्याशिवाय त्यांचं दुसरं काम म्हणजे फळा. त्याची नेमणूक कुणी केलेली नाही आणि ते काढूनही कुणी घेत नाही.

तालमीच्या बाहेरच्या भिंतीवर सहा बाय चार फुटांचा सिमेंटचा फळा आहे. दर दिवाळीला मामा त्याला काळा रंग देतात. मॅच कधी, रक्तदान कुठं, गल्लीत कोण वारलं, कुणाचं पोरगं पास झालं, सगळं त्या फळ्यावर येतं. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, चौकात दर आठवड्याला नवा डिजिटल बोर्ड लागतो, तरी माणसं कामावर जाताना गाडी हळू करून फळा वाचतात. मामांचं अक्षर छापल्यासारखं आहे. आधी ओळंब्याच्या दोऱ्यानं ते रेषा आखतात. खडू रात्रभर साखरेच्या पाण्यात भिजवून ठेवतात. त्यामुळं अक्षर ठसठशीत उमटतं आणि वाळलं की नुसत्या हातानं पुसलं जात नाही, ओलं फडकं घेऊन घासावं लागतं.

त्या फळ्याचा एक नियम होता, तोही मामांनीच केलेला. तालमीत नवा खेळाडू आला तर त्याचं नाव लिहायचं. गेला तर लिहायचं नाही.

हा नियम कुठून आला ते गल्लीतल्या जुन्या माणसांना माहीत आहे. त्र्याण्णव साली पिराजीमामा बावीस वर्षांचे होते आणि तालमीचे गोलकीपर होते. त्या वर्षी त्यांनी वडाच्या तालमीच्या नावापुढं सही केली. वडाची तालीम म्हणजे आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडं, आणि फुटबॉलच्या हिशेबात वैरी. तेव्हा फळा लिहिणारे एक मास्तर होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मोठ्या अक्षरात लिहिलं: 'पिराजी गेला, पीडा गेली.'

फळ्याच्या खालीच तेव्हा गल्लीचा सार्वजनिक नळ होता. मामांच्या आई, तानाबाई, तिथं रोज दोन कळश्या घेऊन येत. पहिल्या दिवशी त्यांनी शेजारणीला विचारलं, वर काय लिहिलंय. त्यांना वाचता येत नव्हतं. शेजारीण म्हणाली, "मॅचचं कायतरी हाय." पण नळावर बायका हसू दाबत होत्या आणि पोरं ती ओळ मोठ्यानं म्हणत होती. आठ दिवसांनी तानाबाई त्या नळावर यायच्या बंद झाल्या. वरच्या आळीच्या नळावरून चढ चढून पाणी आणायला लागल्या. ओळ पुसट झाली की कुणीतरी पुन्हा गिरवायचं. सबंध हंगाम ती राहिली.

पुढच्या वर्षी मामा परत आमच्या तालमीत आले. काही वर्षांनी मास्तरांचे हात थरथरायला लागले, तेव्हा मामांनी खडू मागून घेतला. त्याला सव्वीस वर्षं झाली.

म्हणून सूरजनं जाऊ नये, असं मामांना वाटत होतं. सूरज चांगला गोली होता हे तर खरंच. नऊ वर्षं तो आमच्या पोस्टमध्ये उभा होता. मागच्या हंगामात आम्ही अकराव्याचे चौदावे झालो नाही, ते त्याच्या हातांमुळं. पण मामांची काळजी वेगळी होती. सूरज सगळ्यांचा लाडका होता, आणि लाडका गेला की लोक जास्त पेटतात. सूरजची आई, आक्काताई, शाळेच्या पोषण आहाराचा स्वयंपाक करते. रोज सकाळी ती त्या फळ्यावरून जाते. आणि आक्काताईला वाचता येतं.

नोंदणीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मामा व्हॉल्व्हवर वाकले होते. एकोणीस, वीस असं चाललं होतं. सूरज रात्रपाळी संपवून शिरोलीहून आला आणि गाडी बंद करून शेजारी उभा राहिला. मामांनी सत्तावीस पुरे केले आणि मगच मान वर केली.

"झोप जा की. डोळं बघ कसलं लाल झाल्यात."

"मामा, एक सांगायचं हुतं."

"सांग."

सूरजनं गाडीच्या चावीशी चाळा केला. "वडाच्या तालमीत जालोय. विश्वजितसरांनी बोलावलंय."

विश्वजितसर म्हणजे वडाच्या तालमीचे कोच. पाइपातून पाणी पुढं सरकल्याचा आवाज येत होता.

"त्यांच्या वळखीनं कारखान्यात काम मिळालंय. मापं तपासायचं. दिवसपाळी, कायम. साडेनऊला जायचं," सूरज म्हणाला. "सात वर्षं रात्रपाळी करालोय, मामा. मागल्या मॅचला दुसऱ्या हाफात मला बॉल दोन दिसत हुते. आई म्हणती, असं किती दिवस."

"दोन दिसत हुते तर त्यातला खरा कसा धरलास?"

"मधे उडी मारली."

मामा हसले. मग चावी सायकलला बांधत म्हणाले, "सही झाली?"

"न्हाय. परवा, शेवटच्या दिवशी दुपारी करनार. उद्या रातची शेवटची पाळी हाय." सूरजनं गाडीवर टांग टाकली. "मामा, फळ्यावर..."

"फळ्याचं माझ्याकडं लागलं. आक्कावैनीला म्हणावं, काळजी नगं."

सूरज गेला. पुढच्या व्हॉल्व्हवर मामा आटे मोजायला विसरले आणि त्या दिवशी वरच्या आळीला पाणी अर्धा तास जास्त आलं. बोंब काही झाली नाही.

अशी बातमी लपत नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तालमीत सगळे जमले. आदर्श पायरीवर बसेना, उभाच होता.

"नऊ वर्षं डोक्यावर घेतला. तेनं आमाला टोपी घातली. मामा, लिवा. गद्दार लिवा."

"मी लिवत न्हाय."

"का लिवत न्हाय? फळा तालमीचा हाय की."

"फळा तालमीचा, खडू माझा."

"तर मग मी आयल पेंट आणतो. तुमचा खडू ऱ्हाऊ दे तुमच्याकडं."

बाबासो आण्णांनी दोघांच्या मधे हात घातला. "आदर्श, गप. पिराजी फळा बघतोय तवर तू हात लावायचा न्हाईस."

"मग रिकामा का ठिवलाय? रिकाम्या फळ्यावर कोन बी लिवल."

हे मात्र खरं होतं. आठ दिवसांपूर्वीची रक्तदानाची सूचना मामांनीच पुसली होती आणि फळा कोरा होता. मामा घरी गेले ते तेच डोक्यात घेऊन. फळा कोरा ठेवला तर सकाळी तिथं काय लिहिलेलं असेल, ते त्यांना दिसत होतं. मग त्यांनी ठरवलं की आपला नियम आपणच मोडायचा. गेलेल्याचं नाव लिहायचं, पण असं लिहायचं की आक्काताईला मान वर करून तिथून जाता यावं. आणि सबंध फळा भरायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाला बोटभर जागा उरणार नाही.

पाण्याच्या वेळापत्रकाच्या पाठीमागं त्यांनी मजकूर जुळवला. बायकोला, संयोगितामामींना, वाचून दाखवला. मामी निवडलेली मेथी जुडीत बांधत म्हणाल्या, "चांगलं लिवलंय. जरा जड हाय."

"जडच पायजे. मान द्यायचा हाय."

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मामांचं शिक्षण आठवीपर्यंतचं. मानाची भाषा ते शिकले ती फळ्यावरच. आणि फळ्यावर माणसाचा मान ठेवून, त्याचे गुण सांगून लिहायची वेळ गेल्या सव्वीस वर्षांत एकाच प्रसंगी यायची.

शेवटच्या दिवशी पहाटे बुरुजाचा व्हॉल्व्ह सोडून मामा साडेपाचला फळ्यापुढं उभे राहिले. बॅटरी दातांत धरली, रेषा आखल्या, आणि एक अक्षर न चुकता लिहिलं:

'बुरुजाकडील तालीम मंडळाचे गुणी गोलकीपर, श्रीमती आक्काताई यांचे सुपुत्र चि. सूरज हे नऊ वर्षांच्या निष्ठावंत सेवेनंतर आपल्यातून गेले. मनमिळाऊ, कष्टाळू, कुणाला कधी उलट बोलले नाहीत. त्यांची जागा भरून निघणार नाही. पुढील प्रवासास तालमीचा नमस्कार.'

मग सवयीनं मजकुराच्या भोवती जाड चौकट ओढली. सायकल काढली आणि पुढच्या व्हॉल्व्हकडं गेले. फोन ते घरीच ठेवतात. मागं एकदा तो चेंबरमध्ये पडला होता.

सव्वासहाला दूध घालणारा पहिला थांबला. त्यानं टोपी काढली. साडेसहाला चौघं होते. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला, आणि त्यानंतर मजकूर नीट वाचायची गरज कुणालाच उरली नाही. काळा फळा, चौकट, आत सूरजचं नाव. एवढं पुरे होतं.

पावणेसातला गल्लीतल्या तीन बायका आक्काताईच्या दारात गेल्या. झुंबरबाई पुढं होती. आक्काताई भाकरी थापत होती. झुंबरबाईनं तिच्या हातातलं पीठ काढून घेतलं, तव्यावरची भाकरी उतरवली आणि गॅस बंद केला.

"काय गं?" आक्काताईनं विचारलं.

झुंबरबाई तिच्याशेजारी बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरीनं पदर डोळ्याला लावला. आक्काताईचा भाऊ गगनबावड्याला असतो, महिनाभर त्याची तब्येत बरी नव्हती. तिला वाटलं, तोच.

"दादाचा फोन आला व्हय? सांगा की. काय असंल ते सांगा."

"दादा न्हाय," झुंबरबाई म्हणाली. "आक्का, आपला सूरज."

आक्काताई तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं मोरीकडं बघितलं. मोरीत दोन कप विसळायचे पडले होते.

"कवा?"

"रातीच म्हणत्यात. फळ्यावर लिवलंय."

"रातीला गेला? आनि आत्ता सव्वासहाला हितं बसून दोन कप चा पिऊन, बटर खाऊन, बूट घालून गेला तो कोन?"

आक्काताईनं फोन लावला. सूरजचा फोन लागत नव्हता. रात्रपाळीत बॅटरी संपली होती आणि चार्जर त्यानं पिशवीत टाकला होता. ती हात न धुताच उठली आणि पायात चप्पल अडकवून फळ्याकडं निघाली. मागून बायका.

सूरज तेव्हा वडाच्या तालमीच्या सरावाला पोहोचत होता. पहिलाच दिवस, त्यात दहा मिनिटं उशीर. मैदानावर बघतो तर सगळा संघ मधल्या वर्तुळात माना खाली घालून उभा होता. विश्वजितसरांनी शिट्टी खिशात ठेवली होती. सूरजनं गाडी लावली, ग्लोव्हज काढून हातात घेतले आणि पावलांचा आवाज न करता शेवटी जाऊन उभा राहिला. त्यानंही मान खाली घातली. नव्या तालमीत पहिल्याच दिवशी कशाचाही प्रश्न विचारू नये, असं त्याला वाटलं. पण मिनिटभरानं राहवेना.

"कोन गेलं?" त्यानं शेजारच्याला हळूच विचारलं.

शेजारचा डोळे मिटून होता. "बुरुजाकडचा गोली. सूरज. लई चांगला हुता म्हणं."

सूरज म्हणाला, "आपलं दोन मिन्टं झाली का?"

शेजारच्यानं डोळे उघडले. त्यानंतर मैदानावर काय झालं ते चौघं चार तऱ्हांनी सांगतात. विश्वजितसर मटकन खाली बसले, एवढं सगळ्यांच्या सांगण्यात आहे. भानावर आल्यावर त्यांनी सूरजला खांद्याला धरून गाडीकडं ढकललं आणि म्हणाले, "आधी घरी जा. आई हाय तुला."

मी कारखान्याला निघालो होतो आणि चौकात अडकलो. शंभरेक माणूस असेल. तालमीच्या पायरीवर आदर्श बसला होता. त्याच्या मांडीवर झेंडूचा हार होता आणि तो हमसून रडत होता. काल ज्यानं ऑइल पेंट आणायची भाषा केली, त्यानंच दुकानदाराला उठवून हार आणला होता. बाबासो आण्णा त्याला पाणी देत होते. आक्काताई येऊन फळ्यापुढं उभी राहिली, तेव्हा गर्दी मागं सरकली. ती ओळ अन् ओळ वाचत होती. तेवढ्यात सूरजची गाडी आली.

आदर्श उठला, सूरजच्या जवळ गेला आणि त्याच्या दंडाला जोरात चिमटा काढला.

"आई गं," सूरज म्हणाला.

"हाय," आदर्शनं मागं वळून सगळ्यांना सांगितलं. "हाय, हाय." मग त्यानं हातातला हार कुठं ठेवावा हे न सुचून तो सूरजच्याच गळ्यात घातला. सूरजनं तो लगेच काढला.

पिराजीमामा साडेसातला सायकल ढकलत चौकात आले तेव्हा एवढी गर्दी बघून त्यांना वाटलं, पाइप फुटला. बाबासो आण्णांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं.

"पन मी चि. लिवलंय," मामा म्हणाले. "कै. कुठं लिवलंय? बघा की. मेल्या मानसाला चि. लिवत्यात व्हय?"

"चौकट कशाला काढलीस मग?"

मामांनी फळ्याकडं बघितलं. "हात गेला," ते म्हणाले.

आक्काताई त्यांच्यासमोर आली. तिच्या हाताला अजून पीठ होतं. मामांनी मान खाली घातली होती.

"वैनी, चुकलं. मला वाटलं, कोन वंगाळ लिवायच्या आधी आपुन चांगलं लिवावं."

"भावजी, माझा जीव गेलता."

"व्हय."

"ऱ्हाऊ दे." ती पुन्हा फळ्याकडं वळली. "कुणाला कधी उलट बोलले न्हाईत, ह्ये मातर खोटं हाय. घरात येऊन बघा."

गर्दीत कुणीतरी हसलं आणि मग बरेच जण हसले. हसणं थांबल्यावर आदर्शनं सूरजच्या खांद्यावर हात टाकला.

"भावा, बघितलंस न्हवं? समदी गल्ली हितं उभी हाय. ऱ्हा की. पाच वाजंस्तवर टाईम हाय. आमच्या नावापुढं सही कर, आत्ता जाऊया."

"ऱ्हा, सूरज," आणखी दोघं म्हणाले. बाबासो आण्णांनी तालमीचं दार उघडून गाडीची किल्ली हातात घेतली.

सूरज फळ्याकडं बघत होता. हार अजून त्याच्या हातात होता. एवढ्या माणसांना आपल्यासाठी रडताना कुणी सहसा बघत नाही. त्याचा चेहरा बदलला होता. आईकडं बघितलं तर ती दुसरीकडं बघत होती. शेवटी तो मामांकडं वळला.

"मामा, तुमी सांगा. तुमी म्हनशिला तसं करतो."

मामांना यंदा एकच हवं होतं, आणि ते आता त्यांच्यापुढं उभं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

मामांनी सायकल भिंतीला लावली. "मी त्र्यान्नवला तिकडं गेलतो," ते म्हणाले. "पुढच्या साली परत आलो. का आलो, ठावं हाय?"

"तालमीसाठी," आदर्श म्हणाला. गल्लीत ती गोष्ट तशीच सांगितली जाते.

"फळ्यासाठी. आई वरच्या आळीवरनं पानी आणत हुती, ते बघवंना. तिकडं मी बरा खेळत हुतो. हितं परत आलो आनि दोन साल खेळलो, पन पोस्टात उभा ऱ्हायलो की मागं फळा हाय असं वाटायचं. मग सोडलंच." त्यांनी सूरजच्या हातातला हार घेतला आणि आदर्शकडं दिला. "काल फळ्यावर तुला शिव्या असत्या तर तू घाबरून ऱ्हायला असतास. आज गुण लिवल्यात म्हणून ऱ्हाणार. फळा बघून ठरवू नगंस. मी ठरवलंतं."

"मग काय करू?"

"झोप. दुपारी उठून सही कर जा. आनि सोमवारपास्नं दिवसपाळी."

आदर्शनं हाराकडं बघत विचारलं, "आनि आमचा गोली?"

"बघू. मिळंल कोनतरी."

सूरज मामांच्या पाया पडायला वाकला. मामांनी त्याला अर्ध्यातच उचललं आणि घराकडं वळवलं. आक्काताई त्याच्या मागं निघाली.

"वैनी," मामांनी हाक मारली. "ह्ये पुसतो आत्ता."

आक्काताई थांबली. "कशाला? नुसती चौकट पुसा. आतलं ऱ्हाऊ द्या."

मामांनी ओलं फडकं आणलं. साखरेच्या पाण्यातला खडू, सहजासहजी निघेना. चारी बाजू घासायला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात गर्दी पांगली, लोक कामाला गेले, आदर्श दुकान उघडायला गेला. मग मामांनी 'आपल्यातून गेले' एवढेच शब्द पुसले आणि त्या जागेत बारीक अक्षरात बसवलं, 'वडाच्या तालमीत खेळायला गेले.' जागा कमी पडली म्हणून 'खेळायला' दोन ओळींत तुटलं. एवढा एकच शब्द त्यांचा मी वाकडा बघितला.

संध्याकाळी पाचला नोंदणी संपली. सूरजची सही तिकडं झाली. गोव्याचे स्ट्रायकर आले नाहीत, परदेशी आला नाही, लायसनवाला कोचही आला नाही. शेवटच्या अर्ध्या तासात बाबासो आण्णांनी कोडोलीचा एक गोली मिळवला. तो चौतीस वर्षांचा आहे, शेती करतो, म्हशी धुऊन सरावाला येतो. डाव्या गुडघ्याला पट्टा लावतो.

दुसऱ्या दिवशी सूरजच्या मजकुराखाली, चौकट पुसून मोकळ्या झालेल्या पट्टीत, एक ओळ वाढली होती: 'कोडोलीचे आकाराम हे आपल्या तालमीत आले आहेत. गुडघा बरा आहे.'

ती वाचून पायरीवरचे हसले. आदर्शही हसला, पण नंतर त्यानं मामांना विचारलं, "मामा, खरंच बरा हाय का वो?"

"उजवा बरा हाय," मामा म्हणाले.

सूरजचा मजकूर पहिल्या मॅचची तारीख येईपर्यंत, म्हणजे सतरा दिवस, फळ्यावर होता. आक्काताई रोज सकाळी शाळेला जाताना तिथून जायची. पहिले दोन दिवस थांबून वाचायची, नंतर नुसती बघायची, मग बघायचीही नाही.